सौर पंप घ्यावा की लाईनचं कनेक्शन?

विहिरीला पाणी लागलं, आता मोटर कशावर चालवायची, असा प्रश्न असेल तर बिलाचा मुद्दा आधी बाजूला ठेवा. सौर पंपाला बिल नाही हे खरं, पण बळीराजा मोफत वीज योजनेत 7.5 एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिलही मार्च 2029 पर्यंत सरकारच भरणार आहे. त्यापुढचं कोणी सांगावं!

खरा फरक आहे वेळेचा आणि पाण्याच्या खोलीचा.

लाईनवर मोटर चालवणारी थ्री फेज वीज पाळीने येते: दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा. रात्रपाळी आली की पौषातल्या थंडीत गव्हाला दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला जायचं. जुन्नर-आंबेगावकडे उसात बिबट्याची धास्ती वेगळीच. डीपी (शिवारातला ट्रान्सफॉर्मर) जळाली तर ती बदलून मिळेपर्यंत पीक माना टाकतं, आणि कमी दाबाने मोटर जळाली तर भरून आणायचा भुर्दंड आपल्यालाच.

सौर पंपाला यातलं काही नाही, पण त्याचंही एक दुखणं आहे. सकाळी लवकर आणि चारनंतर धार बारीक होते. श्रावणात आभाळ भरलेलं असतं पण पाऊस पडत नाही, तेव्हा सोयाबीनला पाणी हवं असतं आणि पॅनेल मात्र जेमतेम चालतात. उन्हाळी भुईमूग, भाजीपाला, फळबाग यांना सौर उत्तम. पाणी लागतं तेव्हाच ऊन कडक असतं. विहिरीचा झरा कमी असेल तरी सौर बरा, कारण उपसा दिवसभर सावकाश होतो आणि रात्रभरात विहीर पुन्हा भरते.

आता खोली. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत क्षमता जमिनीवरून ठरते: अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5, त्यावर 7.5. माझं भांडण या नियमाशी आहे. साठ फुटी विहिरीवर 3 एचपीचा पंप दोन एकरांचं ठिबक आरामात चालवेल. तेवढ्याच जमिनीत पाणी चारशे फुटांवर असेल तर तोच पंप जेमतेम करंगळीएवढी धार देईल. अशा खोल बोअरला, किंवा नदीवरून लांब पाइपलाइन करून ऊस भिजवायचा असेल तर मी लाईनच धरेन.

पैशांत सौर जड नाही. खर्चाचा 10 टक्के हिस्सा शेतकऱ्याचा, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा. मात्र योजना पारंपरिक वीजजोडणी नसलेल्यांसाठी आहे, त्यामुळे दोन्ही घेऊ असं म्हणता येत नाही.

लाईन घेणाऱ्याने एक चौकशी जरूर करावी: आपला फीडर, म्हणजे उपकेंद्रातून आपल्याकडे येणारी वीजवाहिनी, सौर कृषी वाहिनी योजनेत येतोय का? त्यात उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज देतात. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात 3 मेगावॉटचा प्रकल्प 2024 मध्ये सुरू झाला. असा प्रकल्प तुमच्या फीडरवर खरंच उभा राहत असेल तर रात्रपाळीचा प्रश्न मिटतो. नुसती घोषणा असेल तर हिशेबात धरू नका.

सौरच ठरला तर योजनेच्या यादीतली कंपनी तुम्हीच निवडायची असते. ज्यांचा दुरुस्तीचा माणूस तालुक्यात बसतो तीच घ्या. मार्चमध्ये पंप चालवणारा कंट्रोलर बंद पडला तर टोल-फ्री नंबरवर कांदा भिजत नाही.