एकाचा वॉर्ड की चौघांचा प्रभाग? आणि सभागृह केवढं हवं?

महापालिकेच्या प्रभागरचनेवरच्या हरकतींची सुनावणी होती. मी दोन पानी अर्ज घेऊन गेलो होतो. आमची वसाहत नाल्याच्या अलीकडे, शाळा अलीकडे, दवाखाना अलीकडे आणि प्रारूप आराखड्यात आम्हाला टाकलेलं नाल्यापलीकडच्या प्रभागात. अधिकाऱ्यांनी अर्ज उलटसुलट करून एकच विचारलं, “प्रगणक गट कुठला?” जनगणनेत एका प्रगणकाला मोजायला दिलेला तुकडा म्हणजे प्रगणक गट, आणि प्रभाग अशा गटांची जुळणी करून बनतो. आमचा कुठला, ते मला सांगता येईना. माझ्या मागे एका पक्षाचा कार्यकर्ता उभा होता. त्याच्या हातात वहीच्या कागदाची चिठ्ठी आणि तिच्यावर तीन आकडे: हे तीन गट इकडून काढा, तिकडे घाला. त्याचं काम अर्ध्या मिनिटात उरकलं. मी चरफडत घरी आलो, पण गृहपाठ न करता गेलो होतो हे खरंच होतं.

पुढच्या खेपेला तुम्हाला या वादात बाजू घ्यायची असेल, तर तीन प्रश्न आधी सुटे करून घ्या. एका प्रभागातून किती जण निवडायचे, सभागृहात एकूण किती हवेत आणि रेषा कोण आखणार. चर्चेत तिन्हींची खिचडी होते आणि मग ज्याला जे सोयीचं तो ते वाढून घेतो.

पहिला प्रश्न महाराष्ट्रात दर निवडणुकीला नव्याने सोडवला जातो. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा, त्यामुळे तिथे एक वॉर्ड एक नगरसेवक ही पद्धत टिकून आहे. बाकीच्या बहुतेक महापालिकांत २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग होता. २००७ ला एकाचा वॉर्ड आला, २०१२ ला दोघांचा प्रभाग, २०१७ ला चौघांचा. २०२२ साठी तिघांची रचना करून ठेवली होती, पण निवडणूकच झाली नाही. प्रशासक बसले, आणि जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं ते पुन्हा चौघांच्या प्रभागात. प्रत्येक बदलाच्या वेळी ‘विकासाला गती’ हे कारण ऐकू आलं. एकच कारण एकदा लहान वॉर्डाला लागू पडतं आणि एकदा मोठ्या प्रभागाला, तेव्हा खरं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

दोन्ही पद्धती पुण्याच्या आकड्यांवर घासून बघू. २०२६ च्या निवडणुकीसाठी पुण्याची लोकसंख्या, नव्याने जोडलेली गावं धरून, सुमारे ३४.८ लाख धरली होती. प्रभाग ४१, नगरसेवक १६५. चाळीस प्रभागांत चार-चार आणि एकात पाच. म्हणजे एका प्रभागात सरासरी ८५ हजार माणसं. हेच शहर १६५ वॉर्डांत वाटलं असतं, तर एका वॉर्डात २१ हजार आली असती.

आता उमेदवाराच्या पायांनी हिशेब करा. घरटी चार माणसं धरली तर २१ हजारांच्या वॉर्डात पाच-सव्वापाच हजार दारं होतात. प्रचाराला पंधरा दिवस मिळाले, तर रोज साडेतीनशे दारं. दमछाक होईल, पण भाऊ, वहिनी आणि गल्लीतली चार पोरं घेऊन जमणारं काम आहे. ८५ हजारांच्या प्रभागात एकवीस हजार दारं. तिथे पदयात्रा काढून हात हलवायचा आणि उरलेलं चिन्हावर सोडायचं, दुसरा इलाज नाही. लहान वॉर्डातून अपक्ष, कामगार पुढारी किंवा सोसायटीच्या पाण्यासाठी भांडणारी बाई निवडून येऊ शकते. चौघांच्या प्रभागात तिला आधी पॅनेलमध्ये जागा मिळवावी लागते, म्हणजेच पक्षाच्या दारात उभं राहावं लागतं. मोठे प्रभाग मोठ्या पक्षांना का आवडतात, त्याचं उत्तर या दारांच्या आकड्यात आहे.

निवडून आल्यानंतरचा फरक तर रोज अनुभवायला मिळतो. आमच्या कोपऱ्यावर ड्रेनेजचं चेंबर तुंबलं होतं. चार नगरसेवक, चार फोन. पहिले म्हणाले, तो भाग अमुकांनी वाटून घेतलाय. अमुक म्हणाले, निधी तमुकांनी टाकलाय, त्यांनाच विचारा. तमुकांचा फोन त्यांच्या भाच्याने उचलला. चौथ्या ताई स्वतः येऊन बघून गेल्या, पण त्या दुसऱ्या पक्षाच्या, त्यामुळे कनिष्ठ अभियंता त्यांचं ऐकेपर्यंत आठवडा गेला. काम झाल्यावर फ्लेक्सवर मात्र चौघेही होते.

चौघांच्या बाजूनेही सांगण्यासारखं आहे, आणि त्यातला आरक्षणाचा मुद्दा मला वजनदार वाटतो. महिलांना ५० टक्के जागा आणि त्यांशिवाय अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गाचं आरक्षण. एकाच्या वॉर्डात सोडतीची चिठ्ठी निघाली की बसलेल्या नगरसेवकाचा वॉर्ड हातचा जातो. पुढच्या वेळी इथून उभं राहायचंच नाही हे ठाऊक असलेला माणूस शेवटच्या वर्षी गटाराकडे कशाला बघेल? चौघांच्या प्रभागात दोन जागा महिलांच्या असल्या तरी बाकीच्यांत कुठे ना कुठे दार उघडं राहतं. चांगलं काम केलेल्याला परत मत मागायला येता येतं. शिवाय एका नगरसेवकाने तोंड फिरवलं तर दुसऱ्याकडे जाता येतं. भाडेकरूंना आणि वस्तीतल्या लोकांना याचा उपयोग होतो, कारण लहान वॉर्डातला एकमेव नगरसेवक कधी कधी तिथला दादाच असतो.

पण आपल्याकडे चार सदस्य म्हणजे प्रत्यक्षात काय? अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या निवडणुका एकाच हद्दीत एकाच दिवशी होतात. मतदार चार बटणं दाबतो, शेवटचं दाबल्यावर लांब बीप वाजतो. प्रत्येक जागेवर ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी. समजा एका पक्षाला प्रभागभर ४० टक्के मतं आहेत आणि उरलेली ६० टक्के दोघा-तिघांत फुटली आहेत. तर चाळीस टक्केवाला चारही जागा नेऊ शकतो. स्कॉटलंडमध्येही २००७ पासून नगर परिषदांचे वॉर्ड बहुतेक तीन किंवा चार सदस्यांचे आहेत, पण तिथे मतदार पसंतीक्रम देतो आणि चारच्या वॉर्डात २० टक्क्यांहून थोडी जास्त मतं मिळाली की एक जागा पक्की. अमेरिकेतल्या पोर्टलंडने २०२४ मध्ये चार विभागांतून प्रत्येकी तीन असे बारा सदस्य याच धर्तीवर निवडले. तिथे एका जागेला २५ टक्क्यांहून जरा जास्त मतं लागतात. बहुसदस्यीय पद्धतीची जी मोठी थोरवी सांगतात, की अल्पमतातल्या गटालाही आवाज मिळतो, ती या मोजणीतून येते. आपण मोठा प्रभाग घेतला आणि मोजणी जुनीच ठेवली. वस्ती लहान असेल तर १६५ वॉर्डांपैकी एखाद्यात तिचं बहुमत होऊ शकतं. ८५ हजारांत ती विरघळते.

म्हणून माझा कल उघड सांगतो. मतदानाची पद्धत आहे तीच राहणार असेल, तर एकाचा वॉर्ड बरा. फार तर दोघांचा, त्यात एक महिला. पसंतीक्रम येणार असेल तर मात्र मी उद्या तिघा-चौघांच्या प्रभागाच्या बाजूने उभा राहीन.

आता सभागृहाचा आकार. इथे लोक फार तावातावाने बोलतात, आणि माझ्या मते गरजेपेक्षा जास्त. महाराष्ट्रात हा आकडा कायद्यातल्या लोकसंख्येच्या तक्त्यातून निघतो. तीन लाखांच्या शहराला किमान ६५, पुढे सहा लाखांपर्यंत दर १५ हजारांना एक. बारा लाखांच्या वर किमान ११५ आणि दर ४० हजारांना एक. तीस लाखांच्या वर १६१ आणि दर लाखाला एक. पुण्याचे ३४.८ लाख घ्या: १६१ अधिक ४, झाले १६५. तक्त्याची पायरी जसजशी चढत जावी तसा एका नगरसेवकामागचा माणसांचा गठ्ठा वाढत जातो. २०११ च्या जनगणनेवर आधारलेली जुनी सदस्यसंख्या घेतली तर चित्र असं दिसतं:

| शहर | लोकसंख्या (लाख) | नगरसेवक | एकामागे माणसं |
|---|---|---|---|
| कोल्हापूर | ५.४९ | ८१ | सुमारे ६,८०० |
| नाशिक | १४.८६ | १२२ | सुमारे १२,२०० |
| नागपूर | २४.०५ | १५१ | सुमारे १५,९०० |
| पुणे | ३१.२४ | १६२ | सुमारे १९,३०० |
| मुंबई | १२४.४ | २२७ | सुमारे ५४,८०० |

कोल्हापूरच्या माणसाचा नगरसेवकावर जेवढा हक्क, त्याच्या आठवा हिस्सा मुंबईकराचा. मुंबईत नगरसेवकांचा आकडा २३६ करायचं २०२१ मध्ये ठरलं आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर पुन्हा २२७ वर आणलं. त्यावर केवढा गदारोळ! पण नऊ वाढले असते तरी एकामागची संख्या ५४,८०० वरून ५२,७०० वर आली असती, एवढंच. भांडण आकड्याचं नव्हतं, नवे नऊ वॉर्ड कुठे पडतात याचं होतं.

कमी करणाऱ्यांचेही दाखले आहेत. दिल्लीच्या तीन महापालिका २०२२ मध्ये एक केल्या तेव्हा २७२ वॉर्डांचे २५० झाले. टोरांटोत २०१८ साली ४७ वॉर्डांची तयारी झालेली, प्रचारही सुरू झालेला, आणि प्रांतिक सरकारने मध्येच कायदा करून २५ वर आणलं. प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सरकारचं म्हणणं टिकलं. लॉस एंजेलिसमध्ये तर जवळजवळ ३९ लाख लोकांना पंधराच सदस्य आहेत. तिथल्या सदस्याच्या हाताशी पगारी कर्मचाऱ्यांचं कार्यालय असतं, आपल्या नगरसेवकाच्या हाताशी भाचा. त्यामुळे ‘तिकडे पंधरात भागतं’ हा युक्तिवाद मला पटत नाही. मदतनीस न देता सदस्य कमी केले तर वाचतो तो भत्ता, आणि चेंबर तुंबलेलंच राहतं. दुसरीकडे दोनशेच्या सभागृहात बोलायला मिळतं किती जणांना? निर्णय शेवटी स्थायी समितीत होतात. तुमच्या शहराचा आकडा तक्त्याच्या दहा-पंधरा इकडे-तिकडे जाणार असेल, तर त्यावर शक्ती खर्च करू नका.

शक्ती खर्च करायची ती तिसऱ्या प्रश्नावर. मार्च २०२२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा बदलून प्रभाग पाडण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेतला, आणि तोही एकमताने. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांचं इथे जुळलं. आता आयुक्तांनी केलेला आराखडा नगरविकास विभागाच्या टेबलावरून पुढे जातो. इंग्लंडमध्ये हे काम स्वतंत्र सीमा आयोग करतो. तिथे आधी आकार ठरतो, आणि तो तक्त्यातून येत नाही: परिषदेने आपल्या कामाचा बोजा दाखवून आकडा मागायचा. मग रेषा. शिवाय पुढच्या पाच वर्षांत मतदार किती होतील याचा अंदाज घेऊन वाटणी करतात. आपली वाटणी २०११ च्या जनगणनेवर चालली आहे. गावाबाहेरच्या ज्या माळावर तेव्हा गवत होतं तिथे आज बारा-बारा मजले आहेत. कागदावर दोन प्रभाग सारखे, मतदारयादीत एक दुसऱ्याच्या दीडपट.

कागदावरचे नियम वाईट नाहीत. सरासरीच्या दहा टक्के कमी-जास्त चालते. प्रगणक गट शक्यतो फोडायचा नाही. हद्द नदी, नाला, रेल्वे, मोठा रस्ता यांवरून जावी. दलित-आदिवासी वस्त्यांचे तुकडे करू नयेत. क्रमांक उत्तरेकडून सुरू होऊन दक्षिणेला संपतात. फक्त दहा टक्क्यांची मुभा कुणाला किती देते ते बघा. ८५ हजारांवर दहा टक्के म्हणजे साडेआठ हजार. एक प्रगणक गट साधारण सहाशे-आठशे लोकांचा असतो, म्हणजे दहा-बारा गट इकडचे तिकडे करूनही आराखडा नियमात बसतो. २१ हजारांच्या वॉर्डात ही मुभा तीन गटांची. लहान वॉर्डात हातचलाखीला जागा कमी, पण वॉर्ड चौपट, म्हणून रेषाही जास्त, त्यामुळे एखादी आळी दोन वॉर्डांत चिरली जाण्याचे प्रसंगही जास्त.

हरकतीच्या अर्जात ‘चारऐवजी एक करा’ लिहून उपयोग नाही. ते कायद्यात ठरतं, त्यासाठी आमदाराच्या मागे लागा. अर्जात फक्त हद्द चालते: हे-हे क्रमांकाचे गट या प्रभागातून काढून त्या प्रभागात घाला, त्याने दोन्हीकडची लोकसंख्या इतकी-इतकी होते, दोन्ही दहा टक्क्यांत बसतात, आणि नवी रेषा नाल्यावरून जाते. सोबत नकाशाची झेरॉक्स, तिच्यावर लाल पेनाने रेषा. ‘आमच्यावर अन्याय झाला’ हे वाक्य अर्जात नसलं तरी चालतं. प्रगणक गटांची यादी आराखड्यासोबतच लावलेली असते. मी ती गेल्या वेळी वाचलीच नव्हती.