जोड-टेबलला वेगळा आयडी द्यावा का दोन फॉरेन की मिळूनच प्रायमरी की करावी?

विद्यार्थी आणि कोर्स म्हटलं की एका विद्यार्थ्याचे अनेक कोर्स आणि एका कोर्सला अनेक विद्यार्थी, म्हणजे मधे तिसरं टेबल, जोड-टेबल, लागणार हे ठरलेलंच आहे, एकाच कॉलममधे कॉमा देऊन आयडी कोंबायचा विचार असेल तर सोडून द्या, त्यावर फॉरेन कीसुद्धा (दुसऱ्या टेबलमधल्या रोकडे बोट दाखवणारा दुवा) लावता येत नाही. खरा प्रश्न त्या मधल्या टेबलची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक रो ओळखायची की, कोणती हा आहे.

मी दोन्ही प्रकार वापरलेत. वेगळा आयडी सोयीचा आहे हे खरंच, एपीआयमधे एक नंबर पाठवला की काम होतं आणि ओआरएमची (कोडमधून डेटाबेस हाताळणारी लायब्ररी) पण कटकट नसते, जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधे तर कंपोझिट प्रायमरी की, म्हणजे एकाहून जास्त कॉलम मिळून केलेली की, थेट ५.२ व्हर्जनला, २०२५ मधे आली.

पण डुप्लिकेटने मला फार वैताग आणला. आयडी वेगळा म्हणजे रो वेगळी, एवढंच डेटाबेसला कळतं, त्यामुळे कुणी बटण दोनदा दाबलं किंवा रिक्वेस्ट परत गेली की तोच विद्यार्थी त्याच कोर्सला दुसऱ्यांदा बसतो आणि एरर काहीच येत नाही. मग कधीतरी रिपोर्टमधे आकडा जास्त दिसतो, कुणीतरी क्वेरीत डुप्लिकेट गाळायला डिस्टिंक्ट टाकतं, मग पुढच्या क्वेरीतही टाकावं लागतं, आणि बेरीज करायची वेळ आली की तेही पुरत नाही. साफ करायला बसलं तर एका रोमधे ग्रेड भरलेली, दुसरीत तारीख वेगळी, ठेवायची कुठली?

दोन्ही कॉलमवर मिळून युनिक (तीच जोडी परत येऊ न देणारा नियम) लावला की हे थांबतं, मान्य. पण माझ्या हाताखालून गेलेल्या टेबलांत तो राहून गेलेलाच जास्त दिसला, कंपोझिटमधे तो राहूच शकत नाही. टॅग, रोल-परमिशन असल्या साध्या जोडण्यांना मी तरी कंपोझिटच लावतो, पोस्टग्रेस डेटाबेसमधे ९.५ पासून ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग (रो आधीच असेल तर गप्प सोडून दे) आहे, म्हणजे रिक्वेस्ट परत आली तरी घोळ नाही. फक्त कॉलमचा क्रम बघा, विद्यार्थी आधी ठेवला तर कोर्सवरून शोधायला उलटा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) वेगळा लागतो. मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन फॉरेन कीसाठी इंडेक्स स्वतः बनवतं, पोस्टग्रेस नाही बनवत.

तुमच्याकडे तोच विद्यार्थी तोच कोर्स परत करू शकत असेल, किंवा हजेरी, सर्टिफिकेट त्या रोला जोडायचं असेल, तर मात्र आयडीच बरा पडेल, कारण ती आता नुसती जोडणी नाही, 'प्रवेश' नावाची स्वतंत्र गोष्ट झाली. फक्त तिथेही विद्यार्थी, कोर्स आणि बॅच या तिघांवर मिळून युनिक टेबल बनवणाऱ्या त्याच मायग्रेशनमधे (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) लावा, नंतर लावायला गेलात तर आधी डुप्लिकेट उपसावे लागतील.