गिऱ्हाईक बघून भाव: गावच्या नाटकांसाठी रीपर वापरणाऱ्याचा रिव्ह्यू

रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर विकत घेऊन आता दोन वर्षं झाली. देवळाच्या काल्याची तीन नाटकं, एक स्पर्धेचं नाटक आणि गणेश चवथीच्या आरत्यांची कितीतरी रेकॉर्डिंगं त्याच्यावर काढली, म्हणून आता लिहितोय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. आमच्याकडे देवळाचा उत्सव म्हटला की रात्री मांडवात मराठी नाटक हे ठरलेलं, आणि करणारे सगळे हौशी, कोण पंचायतीत क्लार्क, कोण प्लंबर, कोण शाळेत मास्तर. माझ्या लहानपणी विंगेत पायपेटी आणि तबला असायचा आणि प्रसंग गंभीर झाला की पेटीवाला नुसता एक स्वर धरून ठेवायचा, तेवढ्यावर अंगावर काटा यायचा. आता पार्श्वसंगीत लॅपटॉपवर असतं आणि गेली बारा वर्षं ते काम माझ्याकडे आहे. पैसे मिळत नाहीत, नारळाची पिशवी मिळते, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात कोणीतरी थांबवून "काल म्युझिक बरं जुळलेलं" म्हणतं, ते पुरतं.

आधी मीही सगळ्यांसारखं क्रॅकच, म्हणजे लायसन्स फोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर, वापरायचो. एका मोठ्या कंपनीचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आणि दुसऱ्या एका कंपनीची कॉम्प्युटरवर वाजणारी वाद्यं, दोन्ही पेन ड्राइव्हवर मित्राकडून आलेली. सहा-सात वर्षांपूर्वी शेजारच्या गावात प्रयोग होता, दुसऱ्या अंकात आई मुलाला ओळखते तो प्रसंग, मी प्ले दाबलं आणि स्क्रीनवर लायसन्स मागणारी खिडकी येऊन बसली, ती बंदच होईना. स्टेजवरच्या बाईंनी ते तीन मिनिटं नुसत्या आवाजावर आणि शांततेवर निभावून नेलं, त्यांचं श्रेय त्यांना. पण मांडवात सातशे माणसं बसलीयत आणि आपण विंगेत घाम पुसत रीस्टार्ट मारतोय, हे मला परत नको होतं. चूक माझीच होती, दुसऱ्याची वस्तू न विचारता आणली होती. फक्त विचारून आणायची म्हटली असती तर त्या दोन्हींची मिळून किंमत आमच्या अख्ख्या नाटकाच्या बजेटपेक्षा जास्त होती, हेही तितकंच खरं.

तर रीपर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं सॉफ्टवेअर, गाणी वाजवायचा जुना प्लेअर विनॅम्प ज्याने बनवला त्या जस्टिन फ्रँकलच्या कॉकोस कंपनीचं. डाउनलोड एवढं छोटं की खेड्यातल्या नेटवरसुद्धा चहा होईपर्यंत उतरतं आणि माझ्या चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर तक्रार न करता चालतं. साठ दिवस पूर्ण सॉफ्टवेअर फुकट वापरायला देतात, काहीही कापून ठेवलेलं नाही, साठ दिवस झाले की उघडताना एक खिडकी आठवण करून देते, पाच सेकंद थांबायला लावते आणि मग उघडतं. कुलूप घालत नाहीत.

नाटकासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे मार्कर, संगीतात हव्या त्या जागी टाकायची खूण. अख्ख्या अंकाचं संगीत एकाच प्रोजेक्टमध्ये ओळीने लावायचं, प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला मार्कर टाकायचा, मग कीबोर्डवर १ दाबलं की पहिला तुकडा, २ दाबलं की दुसरा, शून्यापर्यंत दहा तुकडे बोटाखाली. नट वाक्य विसरून दोन पानं पुढे गेला तरी मी त्याच्याबरोबर उडी मारू शकतो, आणि आमच्याकडे हे होतंच.

आता किमतीचं, कारण खरं लिहायचं होतं ते हेच. रीपरचे दोन भाव आहेत, ६० डॉलर आणि २२५ डॉलर. सॉफ्टवेअर दोन्हीत एकच. स्वतःपुरतं वापरत असाल, शाळा किंवा ना-नफा संस्था असाल, किंवा धंद्यासाठी वापरत असाल पण वर्षाची उलाढाल २०,००० डॉलरच्या आत असेल तर ६०, त्याच्या वर असाल तर २२५. पुरावा मागत नाहीत, तुमच्या शब्दावर सोडतात. हे वाचलं तेव्हा मला आमचे पुडीवाले, म्हणजे तबल्याचं कातडं बसवणारे, आजोबा आठवले.

फोंड्यात एक म्हातारे गृहस्थ तबला दुरुस्त करायचे, आता ते नाहीत. कळंगुट-बागाकडे हॉटेलात वाजवणारा आला की त्याच्याकडून पुरा रेट घ्यायचे, पुडी, वादी, मजुरी सगळं धरून, आणि देवळातल्या क्लासचा पोर आला की नुसते कातड्याचे पैसे, कधी कधी तेही "पुढच्या चतुर्थीक दी" म्हणून सोडून द्यायचे. गिऱ्हाईक बघून भाव लावतो असं आपण म्हणतो ते शिवी म्हणून, पण त्यांच्या दुकानात ते उलटं होतं, बघून भाव खाली यायचा. आणि त्यांची बुडही व्हायची नाही, कारण ती पोरं मोठी होऊन नोकरीला लागली की त्यांच्याकडेच यायची, पुरा रेट द्यायला. मी त्यातलाच एक.

फक्त त्यांना एक मर्यादा होती, कातड्याचे पैसे तरी द्यावेच लागायचे. सॉफ्टवेअरला कातडं लागत नाही. पहिली प्रत बनवायला वर्षानुवर्षं जातात, माणसं राबतात, ते मान्य, पण दुसरी प्रत करायला काय लागतं? लाकडाची गिटार स्वस्त करायची तर लाकूड, जहाज, कस्टम, दुकानदार सगळ्यांना पोटाला मारावं लागतं, वर जीएसटी. कॉम्प्युटरमधला पियानो मात्र फोंड्यात १,२०० रुपयांना विकला म्हणून परदेशातल्या कंपनीचं काही जात नाही, आणि फोंड्यातला माणूस ५,००० ला तो घेणारच नव्हता, तो क्रॅक शोधणार होता. म्हणजे कंपनीला १,२०० किंवा शून्य एवढाच खरा हिशेब आहे.

१,२०० हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. बँकेच्या दराने ६० डॉलर म्हणजे पाच हजारांच्या वर जातात. पण जागतिक बँक क्रयशक्तीचा हिशेब करते, म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जेवढं सामान येतं तेवढं इथे किती रुपयांत येतं, तो आकडा साधारण वीसेक रुपये आहे. त्या मापाने अमेरिकेत ६० डॉलरला जेवढं सामान येतं, तेवढं आपल्याकडे बाराशेत येतं. यूट्यूबवाल्यांना हे कळलंय, २०२४ च्या शेवटी प्रीमियम आपल्याकडे महिन्याला १४९ रुपयांना देत होते आणि अमेरिकेत जवळपास १४ डॉलर घेत होते. गेम विकणारं स्टीमही देशागणिक वेगळा भाव लावायची सोय देतं. वाद्यांच्या दुनियेत मात्र बहुतेक ठिकाणी डॉलरमधला एकच भाव, जगात कुठूनही या.

कंपन्यांची भीतीही समजते. लोक आपला देश लपवणारं व्हीपीएन लावून स्वस्त देशातले बनतात, आणि चलन घसरलं की ठरवलेला भाव कवडीमोल होतो, स्टीमने नोव्हेंबर २०२३ मध्ये तुर्की आणि अर्जेंटिनाचे स्थानिक चलनातले भाव काढून डॉलरवर नेले ते उगाच नाही. पण भारतातलं कार्ड किंवा यूपीआय असेल तरच भारतातला भाव, एवढं केलं तरी बरीच गळती थांबेल. आणि देश हे माप तसं ढोबळच आहे. गोवा दरडोई उत्पन्नात देशात वरच्या रांगेत, पण आमच्या मंडळातला प्लंबरचा पोर आणि पणजीत स्टुडिओ चालवणारा यांना एकाच पंक्तीत कसं बसवणार? म्हणून मला रीपरची पद्धत जास्त पटते, तू कुठे राहतोस हे न विचारता तू यातून किती कमावतोस ते विचारतात. त्यांनी खाली अजून एक पायरी घालावी, एवढंच माझं मागणं आहे. २०,००० डॉलर म्हणजे सतरा लाखांच्या वर झाले, त्या रेषेखाली आम्ही सगळेच येतो, अमेरिकेतला हौशी कलाकारही येतो आणि आमचा पोरही येतो, आणि दोघांना ६० च.

मी स्वतः भरले, बँकेचं कमिशन धरून साडेपाच हजारांच्या आसपास गेले. भरताना एक दिवस गेला, कार्ड नाकारत होतं, बँकेत फोन केला तर कोणालाच नीट सांगता येईना. शेवटी भाच्याने ॲपमध्ये शोधून काढलं, परदेशी व्यवहार बंद होते, २०२० पासून नवीन कार्डावर ते आधी बंदच येतात आणि आपण चालू करायचे असतात. तुम्ही घेणार असाल तर हे आधीच बघून ठेवा. पैसे गेले की मेलवर लायसन्सची फाइल येते, ती एकदा दाखवली की झालं. आणि दोन मोठी व्हर्जनं धरून चालतं, माझं सातव्याचं लायसन्स ८.९९ पर्यंत आहे, त्यामुळे वर्षाला किती पडतं बघितलं तर सोसतं.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. दिसायला रुक्ष, करडं. मेनूत मेनूत मेनू, पहिला आठवडा नुसता शोधण्यात जातो. आणि मुख्य म्हणजे सोबत वाद्यं जवळपास काहीच देत नाहीत, कृत्रिम आवाज काढणारा एक साधा सिंथ सोडला तर. इक्वलायझर, कंप्रेसर, रिव्हर्ब वगैरे आवाज घडवायची अवजारं मात्र सोबत येतात आणि उत्तम आहेत. वाद्यं मी बाहेरून जमवली, सॅलमँडर नावाचा मोठा पियानो फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही गोड वाजतो. वाद्यांचे आवाज विकणाऱ्या स्पिटफायर ऑडिओने २०२० मध्ये बीबीसी ऑर्केस्ट्राच्या आवाजांचं डिस्कव्हर नावाचं पॅक काढलं तेव्हा त्यांनी एक फार चांगली गोष्ट केली होती, ४९ डॉलर भरा आणि लगेच घ्या, नाहीतर एक प्रश्नावली भरा, चौदा दिवस थांबा आणि फुकट घ्या. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने पैसा द्यावा, ज्याच्याकडे वेळ आहे त्याने वेळ द्यावा. मी थांबलो. पंधराव्या दिवशी माझ्या लॅपटॉपवर व्हायोलिनचा ताफा आला आणि त्या वर्षीच्या नाटकातला वनवासाचा प्रवेश त्याच्यावरच उभा राहिला.

सितार मात्र नाही मिळाली चांगली. बनते मिरजेत, मिरजेच्या सितारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आणि कॉम्प्युटरसाठी तिचा चांगला सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज, घ्यायचा म्हटला की परत डॉलर. ह्याचं वाईट वाटतं मला. आपल्याच अंगणातला आवाज आपल्याला परवडू नये?

आणि घुमट, म्हणजे मातीच्या घड्यावर कातडं ताणलेलं आमचं वाद्य, तो तर कुठल्याच भावाला मिळेना. गोव्याने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, पण तो सॅम्पलमध्ये विकायला मला तरी कुठे दिसला नाही. मग आम्हीच केलं. चुलतभाऊ घुमट आरतीत वाजवतो, पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता कायद्याने बंदी म्हणून बकरीचं. पावसाळ्याचे दिवस, कातडं ओलीने सैल पडलेलं, काकीने चुलीपाशी धरून तापवून दिलं. दुपारी लाइट गेली तेव्हा पंखे, फ्रिज सगळं गप्प झालं, तेवढ्यात माजघरात बसून मोबाइलवर रेकॉर्ड केलं. उजव्या हाताने कातड्यावर थाप आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकायचं-उघडायचं, तो जो "घुम्" वर चढत जातो तो त्या तळव्यात आहे. प्रत्येक बोल हळू, मध्यम, जोरात असा तीन-तीनदा घेतला. मग रीपरमध्ये रीसँपलोमॅटिक ५००० म्हणून एक साधं अवजार आहे, त्यात एकेक आवाज पियानोसारख्या कीबोर्डच्या एकेका पट्टीवर बसवला, हळू दाबलं तर हळूचा, जोरात दाबलं तर जोराचा. दोन संध्याकाळी लागल्या. भावाने पहिल्यांदा कीबोर्डवर स्वतःचाच घुमट वाजवला तेव्हा तो काही बोलला नाही, नुसता परत परत तीच पट्टी दाबत राहिला.

रेटिंग द्यायचं तर पाचात साडेचार. अर्धा कापला तो खालच्या पायरीसाठी, ती घातली की तोही देईन. नवीन पोरांनी आधी साठ दिवस पुरते वापरून घ्यावेत, एखादा उत्सव त्याच्यावर काढून बघावा, मग ठरवावं. घुमटाचे आवाज ज्याला हवेत त्याने पेन ड्राइव्ह घेऊन नाटकाच्या रात्री विंगेत यावं, मी उजव्या बाजूला बसलेला असतो, फक्त पडदा पडल्यावर या.