एम्युलेशनसाठी पीसी: आय-थ्री १२१००एफ, रायझन ५६००जी की रायझन ७६००?

मागच्या उन्हाळ्यात अमळनेरला बहिणीकडे गेलो, तेव्हा भाचा नवा पीसी दाखवायला अधीर झाला होता. आत इंटेलचा जुना सर्व्हर प्रोसेसर, झिऑन ई५-२६८० व्ही४. बोर्ड-रॅमसकट सेकंडहँड सेट, स्वस्तात मिळालेला. "मामा, चौदा कोरना शे! आखो काय जोयजे?" असं म्हणत त्याने एम्युलेटरवर पीएस२चा, म्हणजे जुन्या प्लेस्टेशन २चा, गेम लावला. मेनू झकास चालला. पहिली मोठी लढाई सुरू झाली आणि आवाज रेंगाळायला लागला, टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणं ओढल्यासारखं वाजायचं तसा. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसरचा वापर जेमतेम बारा टक्के. चौदातले दोन-तीन कोर जीव तोडून राबत होते, बाकीचे बसून होते.

पोराने वर्षभर पैसे साठवले होते. विकणाऱ्याने "हेवी गेमिंगसाठी एक नंबर" एवढंच सांगितलं होतं. ही चूक खान्देशातल्या आणखी कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

एम्युलेटर म्हणजे जुन्या गेम मशीनचे गेम पीसीवर चालवणारं सॉफ्टवेअर, एक प्रकारचा भाषांतरकार. पीएस२च्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या सूचना तो चालता चालता तुमच्या प्रोसेसरच्या भाषेत आणतो. बऱ्याच सूचना आधीच्या सूचनेच्या उत्तरावर अवलंबून, त्यामुळे हे काम दहा जणांत वाटता येत नाही. पीएस२चा मुख्य प्रोसेसर फक्त २९५ मेगाहर्ट्झचा होता, पण त्याच्यासोबत दोन व्हेक्टर युनिट (एकदम अनेक आकडे हाताळणारे भाग) आणि ग्राफिक्सची वेगळी चिप असायची. पीएस२चं एम्युलेटर पीसीएसएक्स२ त्यातलं एक व्हेक्टर युनिट आणि ग्राफिक्स वेगवेगळ्या थ्रेडवर, म्हणजे कामाच्या स्वतंत्र धारांवर, टाकतं. झाले तीन थ्रेड. निन्टेंडोच्या गेमक्यूब आणि वी या मशीनचे गेम चालवणाऱ्या डॉल्फिन एम्युलेटरचं मुख्य ओझं तर दोनच थ्रेडवर असतं. चौथ्या कोरनंतर या दोघांना फारसं काही मिळत नाही. त्यांना हवा असतो एकेक कोर तगडा. सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात काम उरकलं नाही की गेमही मंदावतो आणि आवाजही. झिऑनचा तो कोर जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झला जातो, आणि तो २०१६चा. आजचा चार कोरचा आय-थ्री त्याला इथे सहज मागे टाकतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी एकच गोष्ट ठरवा: कोणत्या मशीनचे गेम खेळायचेत? पीएस१, पीएसपी, निन्टेंडो ६४ एवढंच असेल तर नवा प्रोसेसर घेऊच नका. ऑफिसातून निघालेला चौथ्या पिढीचा आय-सेव्हन ४७९० असलेला डेस्कटॉप पुरतो. वीचे बरेच गेमही त्यावर निघतात. आणि जो गेम पीसीसाठीच निघालाय, तो एम्युलेटरवर खेळण्यात अर्थ नाही. जीटीए सॅन अँड्रियास २००५ पासून पीसीवर आहे.

पीएस२, गेमक्यूब आणि वी यांच्यापुरतं बोलायचं तर कोअर आय-थ्री १२१००एफला पैशाच्या मानाने तोड नाही. चार कोर, आठ थ्रेड, ४.३ गिगाहर्ट्झ. एकेका कोरच्या जोरात तो ५६००जीच्या थोडा पुढेच आहे. फक्त नावाच्या शेवटच्या 'एफ'कडे नीट लक्ष द्या. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं नाही तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. कार्ड हाताशी असेल तर एफ घ्या. नसेल तर एफ नसलेला साधा १२१०० घ्या, त्यात यूएचडी ७३० आहे. ते चित्र दाखवतं, पण पीएस२चे गेम मोठ्या रिझोल्यूशनवर न्यायला अपुरं पडतं.

इथेच रायझन ५ ५६००जी पुढे येतो. सहा कोर, ४.४ गिगाहर्ट्झ आणि आत व्हेगा ग्राफिक्स. कार्डाचा खर्च वाचतो, आणि पीएस२चे बहुतेक गेम मूळ रिझोल्यूशनच्या दुपटीने, काही तिपटीनेही, व्यवस्थित चालतात. कॉलेजच्या पोरांना मी डोळे झाकून हाच सांगतो. एकच अट, रॅमच्या दोन काड्या लावायच्या. सोळा जीबीची एक काडी लावण्यापेक्षा आठ-आठच्या दोन. आतलं ग्राफिक्स रॅममधूनच चालतं. एक काडी म्हणजे त्याचा रस्ता निम्मा अरुंद, आणि मग ५६००जी उगाच बदनाम होतो. त्याची खरी उणीव कॅशेची, म्हणजे प्रोसेसरमधल्या झटपट मेमरीची, आहे. आत १६ एमबी एल३ कॅशे, तर बिनग्राफिक्सच्या ५६००मध्ये ३२. तुमच्याकडे बरं ग्राफिक्स कार्ड आधीच असेल तर ५६००जी सोडा आणि ५६०० घ्या.

आता पीएस३. इथे वरचं गणित उलटतं आणि इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. २००६च्या त्या मशीनमध्ये सेल नावाचा प्रोसेसर होता: ३.२ गिगाहर्ट्झचा एक मुख्य कोर आणि त्याच्या हाताखाली गेमसाठी सहा मदतनीस कोर. हे मदतनीस एकाच वेळी वेगवेगळी कामं करतात. पीएस३चं एम्युलेटर आरपीसीएस३ त्यांना तुमच्या वेगवेगळ्या थ्रेडवर बसवतं, त्यामुळे इथे कोरसंख्येला खरोखर किंमत आहे. चार कोरवर हलके गेम निघतात, जड गेममध्ये दम लागतो. सहा कोर बारा थ्रेड ही माझ्या मते खालची रेषा. पहिल्यांदा गेम उघडताना आरपीसीएस३ त्याचा कोड आधीच भाषांतर करून ठेवतं. त्या वेळी सगळे कोर शंभर टक्के भरतात आणि कोर कमी असतील तर बसून राहावं लागतं.

तरी नुसते कोर पुरत नाहीत, एव्हीएक्स-५१२ हवं, म्हणजे एका फटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचनांचा संच. सेलच्या मदतनीस कोरकडे प्रत्येकी १२८ रजिस्टर (हाताशी आकडे ठेवायच्या जागा), प्रत्येक १२८ बिटांचं. बाइटांची उलटापालट करणारी एक सूचना ते सतत वापरतात. साध्या प्रोसेसरला त्या एका सूचनेसाठी अनेक सूचना खर्चाव्या लागतात, एव्हीएक्स-५१२ असलेला प्रोसेसर तेच काम मोजक्या सूचनांत उरकतो. शिवाय त्याच्याकडे व्हेक्टर रजिस्टर सोळाऐवजी बत्तीस. इंटेलने बाराव्या पिढीत ही सोय बंद केली. एएमडीने झेन ४ या पिढीत ती आणली, ७६०० त्यातलाच. म्हणून पीएस३ हेच ध्येय असेल तर माझं मत स्वच्छ आहे: रायझन ५ ७६००. सहा कोर, ५.१ गिगाहर्ट्झ, ३२ एमबी एल३, एव्हीएक्स-५१२. पीएस२ आणि वीसाठीही या तिघांत तोच सगळ्यात वेगवान. आतलं ग्राफिक्स मात्र जेमतेम मॉनिटर चालवण्यापुरतं, त्यामुळे कार्ड लागणारच. कार्ड घ्यायचंच नसेल तर ८६००जी पाहा. झेन ४चाच आहे, आत रेडिऑन ७६०एम, फक्त कॅशे पुन्हा १६ एमबी.

७६००चा खर्च प्रोसेसरवर थांबत नाही. त्याला लागणाऱ्या एएम५ सॉकेटचा बोर्ड आणि डीडीआर५ रॅम दोन्ही महाग पडतात, आणि रॅमचा भाव तर आज एक, उद्या दुसरा. पण एएम५वर २०२७ आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर देण्याचं एएमडीने जाहीर केलंय. एएम४ या जुन्या सॉकेटवर ५६००जी घेतलात तर पुढे ५७००एक्स किंवा ५८००एक्स३डीपर्यंत जाता येतं, मग रस्ता संपतो.

पुण्यातले व्हिडिओ पाहून पीसी बांधू नका, हे मी आवर्जून सांगतो. तिथे बावीस अंशांच्या एसी खोलीत चाचणी होते. आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो आणि पत्र्याच्या वरच्या खोलीत दुपारी बेचाळीस असतात. खोली वीस अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तितकाच वर चढतो. १२१००एफ थंड स्वभावाचा आहे, त्याला डब्यातला पंखा चालतो. ७६००ची मर्यादा ९५ अंश. आरपीसीएस३वर सगळे कोर भरले की डब्यातला छोटा कूलर उन्हाळ्यात त्याला तिथपर्यंत नेतो आणि मग प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. चार हीटपाइपचा टॉवर कूलर त्याच दिवशी घ्या आणि बायोसमध्ये इको मोड (कमी वीज खाणारी सेटिंग) लावा. गेममध्ये फरक क्वचित जाणवतो, उष्णता मात्र चांगलीच उतरते.

खिडकीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका, ओली हवा आणि धूळ मिळून आत थर बसतो. जिनिंगजवळ राहत असाल तर कापसाचं तूस वेगळंच. भाच्याच्या झिऑनवरचा पंखा काढला तेव्हा हीटसिंकच्या पात्यांवर पांढरा नमदा बसला होता, बोटाने सोलला तर सलग पट्टी निघाली. थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. लाइट जाणं-येणंही रोजचंच, तेव्हा यूपीएसचे पैसे प्रोसेसरमध्ये घालू नका.

भाच्याचा झिऑन शेवटी लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एकाने घेतला. त्या कामाला चौदा कोर लागू पडतात. पीएस३चं त्याला वेड नाही, म्हणून आम्ही ५६००जी आणि आठ-आठच्या दोन काड्या घेतल्या. ग्राफिक्स कार्ड पुढच्या दिवाळीला.

सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्याकडे दुपारी दोन वाजता जा, सकाळी नको. स्वतःच्या डिस्कवरून काढलेला, तुम्हाला माहीत असलेला एक जड गेम पेनड्राइव्हवर न्या, त्यातली सगळ्यात गर्दीची लढाई अर्धा तास चालू ठेवा, आणि डोळे मिटून फक्त आवाज ऐका.