सिंगापूर–पेनांग–फुकेत क्रूझ: वायफायला पाचपैकी चार, फोनच्या माहितीला पाचपैकी एक

पुणे टेलिफोन्समध्ये मी ३३ वर्षं नोकरी केली. सुरुवात ट्रंक बोर्डावर, म्हणजे बाहेरगावचे कॉल हाताने जोडून द्यायच्या कामावर झाली, शेवटची काही वर्षं बिलाच्या तक्रारींच्या खिडकीवर गेली आणि जानेवारी २०२०च्या अखेरीस, हजारो सहकाऱ्यांबरोबर, स्वेच्छानिवृत्ती घेतली. कुठेही गेले तरी मिनिटाला किती पडतात आणि मीटर कुठून सुरू होतो, हे आधी विचारायची मला सवय आहे. तरीही गेल्या नोव्हेंबरात आमच्या घरी फक्त अकरा मिनिटांच्या बोलण्याचं ₹३,८९४ बिल आलं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

लग्नाला ३५ वर्षं झाली म्हणून धाकट्याने आम्हाला चार रात्रींच्या क्रूझची तिकिटं काढून दिली. सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरवरून निघायचं, एक दिवस पेनांग, एक दिवस फुकेत, मग एक पूर्ण दिवस समुद्रात आणि परत सिंगापूर. जहाजाचं नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने हीच व्यवस्था बहुतेक मोठ्या जहाजांवर असते. केबिन स्वच्छ होती आणि शाकाहारी जेवणाची आबाळ झाली नाही. पण त्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मी फक्त फोन आणि वायफायबद्दल लिहिते.

जहाजावर चढताना एक गोष्ट डोक्यात पक्की हवी, ती म्हणजे तिथे फोनला दोन वाटा असतात. एक जहाजाचं वायफाय. त्याचे पैसे आपण आधी भरतो आणि ते तेवढेच राहतात. दुसरी वाट जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क. जहाजाच्या आतच जागोजागी छोटे अँटेना बसवलेले असतात, ते आपला फोन पकडतात, कॉल उपग्रहावरून जमिनीवर जातो आणि हिशेब आपल्या घरच्या कंपनीच्या बिलात येतो. किनाऱ्याजवळ आणि बंदरात हे नेटवर्क बंद ठेवतात. किनारा साधारण १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटर मागे पडला की ते चालू होतं. फोन बिचारा जे मिळेल त्याला जाऊन चिकटतो, तुम्हाला विचारत बसत नाही.

हे नेटवर्क ओळखायची एक खूण सांगते. स्क्रीनवर वर ‘सेल्युलर अ‍ॅट सी’ किंवा ‘टेलिनॉर मॅरिटाइम’ असं नाव दिसतं, कधी नुसतेच आकडे दिसतात: ९०१-१८, ९०१-१२. भारताच्या नेटवर्कचे आकडे ४०४ किंवा ४०५ने सुरू होतात, सिंगापूरचे ५२५ने. ९०१ मात्र कुठल्याच देशाचा नाही. जे नेटवर्क एका देशात मावत नाही त्याला तो देतात. तुमचा रोमिंग पॅक देशांच्या यादीवर चालतो आणि समुद्र त्या यादीत नसतो. आमच्या पॅकमध्ये सिंगापूर, मलेशिया, थायलंड ही तीन नावं होती. ही तीन नावं वाचली आणि आपला सगळा प्रवास झाकला गेला, असं आम्ही धरून चाललो.

पहिल्याच संध्याकाळी मला शंका यायला हवी होती, आणि आलीही. जहाज सुटून तासभर झाला असेल. आम्ही वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभे होतो, समोर नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजं दिव्यांनी लखलखत होती. फोटो काढायला फोन उचलला तर वरचं नाव बदललेलं. सिंगापूरची कंपनी जाऊन इंडोनेशियाची आली होती! सिंगापूरच्या सामुद्रधुनीत पलीकडचं बाताम बेट इतकं जवळ आहे की फोन या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर सहज उडी मारतो. इंडोनेशिया आमच्या पॅकमध्ये नव्हता. मी तिथेच फोन फ्लाइट मोडवर टाकला आणि ह्यांच्या हातातला घेऊन तोही टाकला. म्हणजे जहाजाच्या नेटवर्कच्याही आधी, जमिनीचंच चुकीचं नेटवर्क खिसा कापू शकतं. तेव्हा फ्लाइट मोड लावायचा तो समुद्र लागल्यावर नाही, धक्क्यावरची शिडी उचलण्याआधी.

आता वायफाय. इथे मी मनापासून चांगलं लिहिणार आहे. आम्ही एका फोनसाठी चारही रात्रींचा पॅक निघण्याआधीच ऑनलाइन घेतला, ६४ अमेरिकी डॉलरना. तोच जहाजावर चढल्यावर घेतला असता तर दिवसाला २० पडले असते, असं तिथल्या फलकावर लिहिलेलं होतं. पॅक एकाच फोनचा असला तरी माझ्या फोनवर लॉग आउट करून ह्यांच्या फोनवर लॉग इन करता येतं. फक्त ब्राउझर बंद करणं म्हणजे लॉग आउट नव्हे. जहाजाच्या पानावर जाऊन बटण दाबावं लागतं, नाहीतर दुसऱ्या फोनवर ‘आधीच चालू आहे’ असं येत राहतं. पहिल्या रात्री यात आमची वीस मिनिटं गेली. शेवटी स्वागत कक्षातल्या मुलीने शांतपणे दाखवून दिलं.

फोन फ्लाइट मोडवर टाकला की वायफायही बंद होतं असा पुष्कळांचा समज आहे. तसं नाही. फ्लाइट मोड लावा, मग वायफायचं बटण पुन्हा दाबा. मोबाइलचा रेडिओ बंद राहतो, वायफाय चालू. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आणि फोटो लगेच जात होते. आठव्या डेकवरच्या केबिनमध्ये रेंज चांगली होती, लिफ्टच्या जवळ तुटायची. नातीशी व्हिडिओ कॉल सकाळी सहाला लावला की तिचा चेहरा अगदी स्वच्छ, पण इथे सहा म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेतीन. म्हणून शेवटी रात्री जेवणानंतर बोलायचो आणि तेव्हा सगळं जहाजच वायफायवर असल्यामुळे चित्र अडकायचं. नुसता आवाज ठेवला की ठीक.

बोलण्यात घोटाळा मात्र अजिबात नव्हता, आणि हे मला फार विशेष वाटलं. आमच्या काळात परदेशचा कॉल उपग्रहावरून जायचा. नारायणगावजवळ आर्वीला त्यासाठी मोठी तबकडी उभारलेली होती. तो उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचावर, त्यामुळे आपण ‘हॅलो’ म्हटल्यावर पलीकडून उत्तर यायला अर्धा सेकंद जायचा आणि दोघंही एकाच वेळी बोलायला लागायचे. बोर्डावर बसून आम्ही लोकांना सांगायचो, ‘बोलून झाल्यावर थांबा.’ आता साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणारे छोटे उपग्रह आले. स्टारलिंकने २०२२मध्ये जहाजांसाठी सेवा सुरू केली आणि मोठमोठ्या क्रूझ कंपन्यांनी ती घेतली. नातीला ‘काय करतेस’ विचारलं की मलाक्काच्या सामुद्रधुनीत लगेच उत्तर येत होतं. यासाठी ६४ डॉलर मला जास्त वाटले नाहीत.

मग बिल आलं कसं? फुकेतला. तिथे जहाज पातोंगच्या समोर खोल पाण्यात उभं राहिलं आणि छोट्या बोटींनी आम्हाला किनाऱ्यावर नेलं. त्या दिवशी घरच्या विजेच्या बिलाची शेवटची तारीख होती. नेट बँकिंगचा ओटीपी यायला भारतातलं सिम चालू हवं, म्हणून ह्यांनी फ्लाइट मोड काढला. ओटीपी आला, बिल भरलं, फोन खिशात गेला. तो परत फ्लाइट मोडवर गेलाच नाही. मीही विचारलं नाही. त्या वेळी आमची वेगळीच धावपळ सुरू होती. माझ्या फोनने आपोआप थायलंडची वेळ धरली होती आणि जहाज सिंगापूरच्याच वेळेवर चालत होतं. माझ्या फोनवर चार वाजलेले, ह्यांच्या मनगटी घड्याळात पाच आणि परतीची शेवटची बोट साडेपाचला. ह्यांनी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवलं होतं म्हणून निभावलं. साधं घड्याळ न्याच.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रात. ह्यांच्या सिमवर डेटा रोमिंग आम्ही पुण्यातूनच बंद करून आणलं होतं, त्यामुळे इंटरनेटचा एक पैसाही लागला नाही. पण कॉलला डेटा लागत नाही. दुपारी तीन कॉल आले. दिरांचा, गच्चीच्या किल्लीबद्दल, सहा मिनिटं. सोसायटीच्या सेक्रेटरींचा, चार मिनिटं. आणि एक ‘सर, पर्सनल लोन हवंय का’ असा, जो ह्यांनी वीस सेकंदांत तोडला. त्याचंही पूर्ण मिनिट धरलं. मिनिटाला ₹३०० प्रमाणे अकरा मिनिटांचे ₹३,३०० आणि वर १८ टक्के जीएसटी ₹५९४.

भारतात येणारा कॉल फुकट असतो. ही सवय आमच्या पिढीतल्यांनाही आता इतकी जडली आहे की परदेशात घेतलेल्या कॉलचेही पैसे लागतात, हे लक्षातच राहत नाही. माझ्या नोकरीच्या काळात, मोबाइल नवीन आले तेव्हा, येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. २००३मध्ये ते थांबले आणि लोक फोन उचलायला घाबरेनासे झाले. समुद्रावर ते जुने दिवस परत येतात, अनेक पट दराने.

कंपनीकडे तक्रार केली. त्यांचं म्हणणं, दराचा मेसेज पाठवला होता. पाठवला होता, हे खरं. ह्यांच्या फोनमध्ये तो सापडला, बँकेच्या दोन आणि कुठल्यातरी सेलच्या तीन मेसेजच्या मधोमध, सगळा इंग्रजीत. त्यांनी नियम पाळला, मी मानते. पण ६७ वर्षांच्या माणसाला त्याच्या भाषेत ‘तुम्ही आता जहाजाच्या नेटवर्कवर आहात, येणाऱ्या कॉललाही मिनिटाला ₹३०० पडतील’ एवढं एक वाक्य पाठवायला काय हरकत आहे? जहाजवाल्यांचंही तेच. सुरक्षेच्या कवायतीला लाइफ जॅकेट कसं घालायचं ते नीट शिकवलं, वायफायचे फलक प्रत्येक मजल्यावर, पण ‘फोन फ्लाइट मोडवर ठेवा’ हे कोणी एकदाही म्हटलं नाही. केबिनमधल्या माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात आहे. पाचपैकी एक दिला तो या पानासाठी.

माझी भाची रोटरडॅमला असते. तिला सांगितलं तर ती म्हणाली, ‘मावशी, आमच्याकडे पन्नास युरोला आपोआप तुटतं.’ मी तपासून पाहिलं. युरोपीय संघात जून २०१७पासून दुसऱ्या सदस्य देशात गेलं तरी घरच्याच दराने बोलता येतं, पण जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क त्यात धरलेलं नाही. ते लोकांना महागात पडत होतं, म्हणून २०२२च्या नियमांत फोन अशा नेटवर्कला गेला की आपोआप मर्यादा लागते आणि ते नेटवर्क मुळातच नको असं सांगून ठेवायची सोयही कंपन्या देऊ शकतात. हे आपल्याकडेही व्हावं असं मला कळकळीने वाटतं. मी बिलाच्या खिडकीवर बसले आहे. समोरचा माणूस हातात बिल घेऊन ‘मी तर फोन केलाच नाही हो’ म्हणतो, तेव्हा त्याचा चेहरा कसा झालेला असतो ते मला माहीत आहे.

निघण्याआधी काय करायचं, ते आता अनुभवाने सांगते. फोनमध्ये दोन सिम असतील तर डेटा रोमिंग दोन्हींसाठी वेगवेगळं बंद करावं लागतं, एक बंद केलं म्हणजे दोन्ही झाली असं नाही. मुलांनी सिमवालं स्मार्ट घड्याळ दिलं असेल तर त्यालाही फ्लाइट मोड लावा, तो वेगळा फोनच आहे. बँकेची, विजेची, विम्याची कामं घरून उरकून निघा, म्हणजे ओटीपीसाठी सिम उघडायची वेळच येणार नाही. जहाजावर एकमेकांना शोधायला केबिनचा फोन आहे, केबिन ते केबिन फुकट लागतो. त्यावरून बाहेर मात्र लावू नका. काही भारतीय कंपन्या जहाजासाठी वेगळा पॅक विकतात. ज्यांच्या घरी कोणी आजारी आहे आणि नंबर चालू ठेवणं भाग आहे, त्यांनी तो घ्यावा, पण जहाजाचं नाव सांगून ते पॅकमध्ये बसतं का हे विचारून. बाकीच्यांना वायफाय पुरतं.

जानेवारीत मोठे दीर आणि जाऊबाई याच मार्गाने जाणार आहेत. परवा त्यांच्याकडे जाऊन मी दोघांचे फोन हातात घेतले, चारही सिमांचं डेटा रोमिंग बंद केलं आणि फ्लाइट मोड लावून वायफाय पुन्हा कसं चालू करायचं, ते जाऊबाईंकडून तीनदा करून घेतलं. तिसऱ्या वेळी त्यांनी न विचारता केलं.