सुई कुठं सुटते, ते यंत्रानं शिकवलं

मी निपाणीची, भूलतज्ज्ञ. वडील तंबाखूच्या वखारीत पोती शिवायचे. दाभण गोणपाटात अडतं आणि पलीकडं एकदम सुटतं, हे बोटांना लहानपणीच माहीत. एपिड्युरल, म्हणजे बाळंतपणाच्या कळा कमी करायला पाठीतून दिलेली भूल, देतानाही तेच सुटणं शोधायचं असतं. सुई लिगामेंटम फ्लेव्हमच्या, म्हणजे मणक्यांमधल्या चिवट पट्ट्याच्या, पार गेली की सिरिंजचा दट्ट्या अचानक हलका होतो. तिथंच थांबायचं. जरा पुढं गेली तर ड्युराला, मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला, भोक पडतं, पाठीतलं पाणी झिरपतं, आणि बाळंतीण उठून बसली की तिचं डोकं फुटायची वेळ येते.

आम्ही शिकलो रबराच्या पाठीवर. शेकडो हातांनी टोचून तिची चाळण झालेली, सुई आपणच जुन्या वाटेनं जायची. म्हणून बेळगावात एका कार्यशाळेत हॅप्टिक सिम्युलेटर, म्हणजे हाताला स्पर्शाचा भास देणारं सरावाचं यंत्र, दोन दिवस हाताळायला मिळालं, तेव्हा मी जेवायलाही उशिरा गेले.

सुईमागं मोटारी आहेत. सुई किती शिरली ते सेन्सर मोजतो, त्या थराचा विरोध संगणक काढतो आणि सेकंदाला सुमारे १००० वेळा हाताला परत देतो. डोळ्यांना सेकंदाला साठ चित्रं पुरतात, बोटांना नाही. वेग घटला की कडक थर हाताखाली थरथरू लागतो. सडपातळ बाई निवडली की चारएक सेंटीमीटरवर सुटतं, जाड निवडली की कितीतरी खोल. विसाव्या वेळेसही पाठ नवीकोरी! माझ्याबरोबरची पहिल्या वर्षाची मुलगी सकाळी तीनदा ड्युरात गेली, संध्याकाळी एकदाही नाही. हे सुटणं यंत्रानं इतकं खरं जमवलंय की मला वखार आठवली.

हाड मात्र जमलेलं नाही. मणक्याला लागलेली सुई खट्‌कन थांबायला हवी. इथं ती खोडरबरात रुतल्यासारखी वाटते. लहान मोटारींचा जोरच तेवढा. शिकणाऱ्याच्या मनात हाडाची चुकीची ओळख बसेल, याची मला खरी काळजी वाटते. शिवाय ही पाठ हलत नाही. आमच्याकडं कळ आली की कन्नडमध्ये "बेन्नु बग्गिसि, अक्का" (पाठ वाकवा, ताई) म्हणत, नाहीतर मराठीत समजावत, सुई सांभाळायची असते.

पहिल्या वर्षासाठी जरूर घ्या, पण रबराची पाठ टाकू नका, हाड तिच्यावरच शिकवा. आणि पैसे मोजण्याआधी विक्रेत्यासमोर सुई मणक्यावर टेकवून बघा.