सोनेरी मुलामा, कोबाल्ट की साधे एचएसएस? धातूसाठीच्या ड्रिल बिटांची तुलना

धातूला भोके पाडण्यासाठी मिळणाऱ्या पाच प्रकारच्या ड्रिल बिटांची मी गेले काही आठवडे एकाच कामावर तुलना केली. पहिले साध्या कार्बन स्टीलचे, दुसरे काळ्या रंगाचे एचएसएस म्हणजे हायस्पीड स्टीलचे, तिसरे टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी मुलामा दिलेले एचएसएस, चौथे ५ टक्के कोबाल्ट असलेल्या एम ३५ या एचएसएस पोलादाचे आणि पाचवे सबंध कार्बाइडचे, म्हणजे टंगस्टन आणि कार्बनच्या अतिशय कठीण संयुगाचे. पाचही ६ मिमी व्यासाची होती. कोणते जास्त टिकते, कोणते लवकर आरपार जाते आणि कोणत्यावर खर्च केलेला पैसा खरोखर वसूल होतो, या तीन प्रश्नांची उत्तरे मला हवी होती. ती एकाच बिटाच्या नावावर जमा झाली नाहीत, आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर मी सुरुवातीला धरलेल्या अंदाजाच्या उलट आले.

हातातल्या ड्रिलवर अशी तुलना न्याय्य होत नाही, कारण बिट बोथट होऊ लागले की आपण नकळत जास्त जोर लावतो आणि बिटाचा दोष आपल्या दंडाच्या ताकदीने झाकला जातो. म्हणून सर्व भोके पिलर ड्रिलवर, म्हणजे खांबावर बसवलेल्या स्थिर यंत्रावर पाडली आणि यंत्राच्या दांड्याला हाताने दाबण्याऐवजी प्रत्येक वेळी तेच वजन टांगले. कामासाठी ८ मिमी जाडीची माइल्ड स्टीलची (साध्या, मऊ पोलादाची) पट्टी आणि ३ मिमी जाडीचा ३०४ जातीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा घेतला. माइल्ड स्टीलवर मिनिटाला सुमारे १३०० फेरे आणि स्टेनलेसवर सुमारे ६०० फेरे ठेवले. म्हणजे धारेच्या बाहेरच्या टोकाचा वेग पहिल्या ठिकाणी मिनिटाला साधारण २५ मीटर आणि दुसऱ्या ठिकाणी ११ मीटर होतो, आणि एचएसएससाठी हे वेग रास्त आहेत. प्रत्येक भोकाआधी सेंटर पंचाची खूण केली आणि कटिंग ऑइलचे चार थेंब सोडले. बिटाचा किंचाळल्यासारखा आवाज सुरू झाला आणि लांब वेटोळ्यांऐवजी कीस बारीक चुऱ्यासारखा पडू लागला, की ते बिट बोथट झाले असे धरले. सेकंदांचे आकडे माझ्या यंत्रापुरते आणि त्या वजनापुरतेच खरे असल्याने ते इथे देत नाही. क्रम आणि त्यामागची कारणे मात्र कोणाच्याही कामी येतील.

कार्बन स्टीलचे बिट सर्वांत आधी बाद झाले, आणि त्यात आश्चर्य काहीच नव्हते. साध्या कार्बन पोलादाचे पाणी, म्हणजे त्याला दिलेला कठीणपणा, २०० ते २५० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरू लागते, आणि धातू कापताना धारेच्या अगदी टोकाशी एवढे तापमान सहज येते. त्या बिटाचे टोक आधी पिवळसर, मग जांभळे आणि शेवटी निळे पडले, आणि निळे पडल्यानंतर ते कापत नव्हते, नुसते घासत होते. एचएसएस या पोलादात टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम आणि व्हॅनेडियम असते आणि ते ६०० अंशांच्या जवळपास जाईपर्यंत आपला कठीणपणा राखून असते. फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पोलादावर काम केले आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी लालबुंद झालेले हत्यार तरीही लोखंड कापत असल्याचे पाहिले. यातून कामाची एक गोष्ट निघते: एचएसएस बिटाचे टोक थोडे निळसर दिसले म्हणून ते फेकून देऊ नये. निळा रंग साधारण ३०० अंशांचा निदर्शक आहे आणि एचएसएसचे पाणी तेवढ्याने उतरत नाही. कार्बन स्टीलच्या बाबतीत मात्र तोच रंग म्हणजे निकाल आहे.

वेगाची बाब मला सर्वांत शिकवणारी ठरली. सुरुवातीला कोबाल्टचे बिट सर्वांच्या पुढे होते. ते माइल्ड स्टीलमध्ये काळ्या एचएसएसपेक्षा स्पष्टपणे लवकर आरपार जात होते, आणि हा फरक कोबाल्टमुळेच आहे असे मानून मी तशी नोंदही केली होती. नंतर भिंगाखाली दोन्ही टोके शेजारी शेजारी धरली तेव्हा चूक लक्षात आली. काळ्या बिटाचे टोक ११८ अंशांचे, साधे होते, तर कोबाल्टच्या बिटाचे टोक १३५ अंशांचे आणि स्प्लिट पॉइंट पद्धतीचे होते. ड्रिल बिटाच्या दोन मुख्य धारांच्या मध्ये एक आखूड आडवी धार असते. ती कापत नाही. धातूला बाजूला रेटते. बिट दाबायला लागणाऱ्या जोराचा मोठा वाटा ही आडवी धारच खाते. स्प्लिट पॉइंटमध्ये ती घासून जवळजवळ नाहीशी केलेली असते, त्यामुळे बिट खुणेवरून भरकटत नाही आणि कमी जोरात आत शिरते. मग मी काळ्या बिटाची आडवी धार बारीक चाकावर दोन्ही बाजूंनी कमी करून घेतली आणि पुन्हा तेच वजन टांगले. दोघांमधला बहुतेक फरक तिथेच मिटला. वेग मिश्रधातूपेक्षा टोकाच्या घडणीवर जास्त अवलंबून असतो, हे त्या एका दुपारी पटले, आणि आता बिट घेताना मी आधी टोक पाहतो, रंग नंतर.

टिकाऊपणाचा प्रश्न फेऱ्यांशी इतका घट्ट बांधलेला आहे की त्याशिवाय केलेली कोणतीही तुलना अपुरी राहते. टेलर यांनी १९०६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार कापण्याचा वेग वाढवला की हत्याराचे आयुष्य सरळ प्रमाणात नव्हे, तर त्याहून कितीतरी झपाट्याने घटते. एचएसएसच्या बाबतीत वेग केवळ १० टक्क्यांनी वाढवला तरी आयुष्य साधारण निम्म्यावर येते. ज्यांची बिटे लवकर जातात त्यांनी दुकान बदलण्याआधी यंत्राचा पट्टा कमी फेऱ्यांच्या पुलीवर घ्यावा, असे मला मनापासून वाटते. ६ मिमीसाठी योग्य असलेल्या फेऱ्यांवर १२ मिमीचे बिट चालवले तर त्याच्या बाहेरच्या कोपऱ्याचा वेग दुप्पट होतो, आणि चांगल्यातले चांगले एचएसएसही तिथे तग धरत नाही. जळालेली बिटे पाहिली तर बहुतेकदा मधला भाग शाबूत असतो आणि बाहेरचे दोन कोपरेच गोल झालेले असतात. ती वेगाची खूण आहे.

स्टेनलेसवर गेल्यावर चित्र पालटले आणि कोबाल्टची खरी किंमत तिथे दिसली. ३०४ जातीचे पोलाद कापताना कठीण होत जाते. बिट कापण्याऐवजी क्षणभर जरी घासत राहिले तरी भोकाच्या तळाशी चकचकीत, काचेसारखा थर तयार होतो आणि पुढची धार त्या थरावर आपटते. काळ्या एचएसएसने पहिली काही भोके व्यवस्थित पाडली, पण धार किंचित मंदावताच तळ चमकू लागला आणि त्यानंतर तेच वजन त्याला पुरेना. एम ३५ चे बिट मात्र शांतपणे कीस काढत राहिले, आणि त्याचा कीस शेवटपर्यंत वेटोळ्यांचाच होता. कोबाल्ट पोलादाला तापलेल्या अवस्थेत जास्त कठीण ठेवतो. एम ४२ मध्ये तो ८ टक्के असतो आणि तिथे हा गुण आणखी वाढतो. त्याची दुसरी बाजूही आहे: कोबाल्टचे बिट जास्त ठिसूळ असते. हातातल्या ड्रिलवर, विशेषतः ४ मिमीच्या खालच्या मापांत, भोक आरपार जाताना मनगट जरा वाकले की ते मोडते, तर साधे एचएसएस थोडे वाकून निभावून नेते.

सोनेरी बिटाबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. टायटॅनियम नायट्राइड हा अतिशय कठीण पदार्थ आहे, त्यामुळे घर्षण कमी होते आणि कीस पन्हळीला (बिटावरच्या वळणदार खाचेला) चिकटत नाही. माझ्या तुलनेत हे बिट काळ्या एचएसएसपेक्षा जास्त टिकले, हे मान्य केलेच पाहिजे. पण हा मुलामा केवळ काही मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी असतो. पहिल्यांदा धार लावली की टोकाच्या मागच्या पृष्ठभागावरून तो निघून जातो. पन्हळीतला मुलामा शिल्लक राहतो आणि त्याचा काही उपयोग होतो, पण जादा पैसे ज्यासाठी मोजले तो लाभ बराचसा संपतो. माझ्या सोनेरी बिटाला धार लावून पुन्हा चाचणी घेतली तेव्हा ते काळ्या बिटाच्या जवळच येऊन थांबले. त्यामुळे बोथट झाले की टाकून देणाऱ्यांसाठी सोनेरी बिट बरे; धार लावून वापरणाऱ्याने त्यासाठी जास्त मोजू नये.

त्याहून वाईट म्हणजे, रंगाखाली काय आहे ते रंग सांगत नाही. पूर्वी मी सोनेरी बिटांचा एक मोठा संच घेतला होता. त्यातल्या एका बिटाचा रंग चकच्या (ड्रिलमधल्या बिट पकडणाऱ्या भागाच्या) जबड्यांनी पहिल्याच दिवशी खरवडून काढला आणि दोन भोकांत टोक बसले. शंका आली म्हणून त्याचे टोक ग्राइंडरवर हलकेच धरले, तर पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्यांचा झोत निघाला आणि प्रत्येक ठिणगी पुढे जाऊन चांदणीसारखी फुटत होती. हे साध्या कार्बन पोलादाचे लक्षण आहे. एचएसएसच्या ठिणग्या मोजक्या, मंद लालसर असतात आणि अशा फुलत नाहीत. ही परीक्षा कोणीही करू शकतो, मात्र ती कापणाऱ्या टोकावरच करावी, कारण मोठ्या मापांच्या चांगल्या बिटांनाही कधीकधी साध्या पोलादाची शँक (चकमध्ये धरायचा मागचा दांडा) जोडलेली असते आणि तिथल्या ठिणग्या दिशाभूल करतात. डोळ्यांवर चष्मा हवाच.

कार्बाइडच्या बिटाबद्दल थोडक्यात सांगता येईल. कठीणपणात ते सर्वांच्या पुढे आहे, पण माइल्ड स्टीलमध्ये त्याचा लाभ घ्यायला ६ मिमीसाठी मिनिटाला ३००० हून जास्त फेरे आणि अजिबात न थरथरणारे यंत्र लागते. हातातल्या ड्रिलसाठी ते नाहीच. माझ्याकडचे बिट पिलर ड्रिलवर पत्रा जरासा उचलला गेल्यावर कट्कन मोडले आणि त्याचा तुकडा भोकातच अडकला. ही चूक पत्रा नीट न आवळल्याची होती, बिटाची नव्हती. तरी एका निष्काळजी क्षणाला एवढी किंमत मोजावी लागणारे हत्यार रोजच्या कामात कोणाला सुचवावेसे वाटत नाही.

आता पैशांचा हिशेब. बिटाची किंमत भागिले पहिल्या धारेत पाडलेली भोके, असा भागाकार बहुतेक जण करतात आणि तो अपुरा आहे. ६ मिमीच्या बिटाला काळजीपूर्वक धार लावली तर दर वेळी अर्ध्या ते एक मिलिमीटरहून जास्त घासावे लागत नाही आणि पन्हळीची लांबी पाच सेंटिमीटरहून जास्त असते, म्हणजे एका बिटात अनेक आयुष्ये दडलेली असतात. हा भागाकार केला की साधे, पूर्ण ग्राइंड करून बनवलेले एचएसएसचे बिट पहिल्या क्रमांकावर येते आणि सुरुवातीला मी ज्याला विजेता मानले होते ते कोबाल्टचे बिट केवळ स्टेनलेस आणि तत्सम कठीण पोलादापुरते पहिले राहते. ठिसूळ असले तरी कोबाल्टलाही साध्या चाकावर धार लावता येते, ही त्याची जमेची बाजू. कार्बाइडला डायमंडचे किंवा हिरवे सिलिकॉन कार्बाइडचे चाक लागते.

धार लावताना दोन्ही धारांची लांबी आणि कोन सारखा हवा. सुरुवातीच्या काळात मी लावलेल्या एका धारेत एक बाजू किंचित लांब राहिली होती. ६ मिमीच्या त्या बिटाने पाडलेल्या भोकात ६ मिमीचा बोल्ट लटपटत होता आणि कीस एकाच पन्हळीतून बाहेर येत होता. दोन्ही पन्हळींतून सारखी वेटोळी येऊ लागली की धार जमली असे समजावे. बिटाचा गाभा शँककडे जाड होत जातो, त्यामुळे बिट आखूड होईल तशी आडवी धार रुंदावते आणि तीही अधूनमधून कमी करून घ्यावी लागते. हे न केल्याने अनेक चांगली बिटे ‘चालत नाहीत’ म्हणून बाजूला पडतात.

संच घ्यावा की सुटी बिटे, यावर माझे मत सुट्यांच्या बाजूने आहे. १ ते १० मिमीपर्यंत अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्याने येणाऱ्या १९ बिटांच्या संचात टॅप मारण्यासाठी (भोकात बोल्टचे आटे पाडण्यासाठी) लागणारी नेमकी मापे नसतात: एम ४ साठी (म्हणजे ४ मिमीच्या बोल्टसाठी) ३.३, एम ५ साठी ४.२ आणि एम ८ साठी ६.८ मिमी. एम ६ साठी लागणारे ५ आणि एम १० साठी लागणारे ८.५ मिमी तेवढे त्यात सापडते. शिवाय संचातली निम्मी मापे वर्षानुवर्षे डबीतच राहतात आणि ३ ते ६ मिमीची बिटे आधी संपतात. त्याच पैशांत ही पाच टॅपची मापे, ३, ४ आणि ६ मिमीची दोन-दोन बिटे, सगळी १३५ अंशांच्या स्प्लिट पॉइंटची साधी एचएसएस, आणि स्टेनलेससाठी वेगळे ठेवलेले ४ व ६ मिमीचे एम ३५ घेतले, तर माझ्या कामाचा बहुतेक भाग त्यात भागतो. स्टेनलेसची बिटे माइल्ड स्टीलवर वापरायची नाहीत म्हणून मी त्यांच्या शँकवर लाल रंगाचा ठिपका दिला आहे.